शेपटी झडलेला भृंगराज

१० जून, लातूर

निलंग्याच्या कॉलेजची जाहिरात आली. प्राणिशास्त्र, कायमस्वरूपी, जागा एक. आमच्या घरात प्राणिशास्त्राचे एम.एस्सी. दोन, आणि दोघंही तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात सर-मॅडम आणि ऑफिसात कोणीच नाही.

तसं पाहिलं तर यात विचार करण्यासारखं काही नाही. निलंगा माझं गाव, घर तिथं, शेत तिथं. अडचण एवढीच, की सेटची परीक्षा माझी बायको राजकन्या पहिल्या झटक्यात पास झाली आणि माझी दर वेळी थोडक्यात हुकली. त्यामुळे ती आजही अर्ज भरू शकते आणि मला पीएच.डी. हातात पडल्याशिवाय कोणी दारात उभं करणार नाही. हे मी इथं लिहितो. बाहेर बोलून दाखवत नाही.

जाहिरात तिला दाखवली. तिनं उभ्या उभ्या वाचली, मोबाइल परत दिला आणि कणीक मळायला घेतली. हिचं हे गप्प राहणं मला लग्नापासून आवडत नाही. भांडणाऱ्या बाईला निदान उत्तर तरी देता येतं.

१३ जून

प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाला बसलो. माझा विषय जो ऐकतो तो आधी हसतो. अंदमानच्या जंगलातले दोन कोतवाल पक्षी, एकमेकांचे भाऊबंद, एकाच रानात राहून आपापलं पोट कसं भरतात याची तुलना. एक अंदमानी कोतवाल, त्या बेटांचाच रहिवासी. दुसरा भृंगराज, अंगानं थोरला, शेपटीला दोन लांब काड्या आणि काड्यांच्या टोकाला पानासारखे झुपके. पहिला थव्यानं राहून सरळपणे किडे टिपतो. दुसरा चोर. गरुडाच्या हाकेची हुबेहूब नक्कल करतो, बाकीचे पक्षी भिऊन पळतात आणि त्यांच्या तोंडचा किडा हा उचलतो.

गुरुपादप्पा सर, म्हणजे माझे गाइड, म्हणाले होते, "बालाजी, आपल्या मराठवाड्यातनं समुद्र वलांडून पाखरं बघायला कोन गेलंय का आजपतुर? जा तू." दोन वेळा गेलो. राजकन्याही आली, कारण मला स्वयंपाक येत नाही आणि फोटो काढताना माझा हात हलतो. फोटो सगळे तिचे. काम मात्र मी वाटून दिलं होतं: झुपकेवाला दिसला की तुझा, बिनझुपक्याचा दिसला की माझा. याहून सोपी वाटणी काय असणार? आणि कोतवाल मला कोणी शिकवायचा! देवणी बैलाच्या पाठीवर बसलेला कोतवाल बघत मी लहानाचा मोठा झालो. काळा पक्षी आणि दुभंगलेली शेपटी, आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

याच वाटणीतून माझा शोध लागला. माझा अंदमानी कोतवालही नक्कल करतो आणि चोरतो! पहिल्या वेळी आम्ही थंडी संपता संपता गेलो होतो, तेव्हा हे एकदाही दिसलं नाही. दुसऱ्या वेळी दिवाळीच्या बऱ्याच आधी गेलो, तर रोज दिसायचं. सर ऐकून खुर्चीतून उठले होते. म्हणाले, "ह्यो तुझा हुकमी एक्का."

१७ जून, निलंगा

आईपुढं विषय निघालाच. आई म्हणाली, "नवरा-बायकू एकाच जागंसाठी समोरासमोर उभं राहत्यात का कुठं? लोकं तोंडात शेन घालतील."

राजकन्या चुलीपुढं भाकरी थापत होती. सासूला ती आत्या म्हणते. मान वर न करता म्हणाली, "मी न्हाई भरत अर्ज, आत्या."

आई खूश. "गुनाची हाय माझी राजकन्या." मलाही मोकळं वाटलं. बायकोला समजावत बसण्याचा त्रास वाचला.

जेवणं झाल्यावर ती अंगणात माझ्याजवळ आली. म्हणाली, "अर्जाचं राहू द्या. पण ते नक्कल करणारे पक्षी हायत ना तुमचे, त्यांचे फोटो एकदा परत बघा. शेपूट सोडा, कपाळ बघा."

माझं डोकंच फिरलं. तिथं बेटावरही हिनं हेच काढलं होतं. म्हणे भृंगराजाची पिसं झडायच्या दिवसांत झुपके गळून पडतात आणि मग तो कोतवालासारखाच दिसतो. फक्त कपाळावरचा तुरा तेवढा राहतो, त्या बेटांवरच्या पक्ष्यांत तोही लहान. "शेपूट काय, येतं परत," असं म्हणाली होती, "मग कळतं कोन होता ते. पन तोवर तुम्ही लिहून बसलेले असताव." हे वनरक्षकासमोर! मी तिला तिथल्या तिथं सांगितलं, तू तुझे झुपकेवाले मोज. त्यानंतर ती पक्ष्यांबद्दल माझ्याशी बोलली नाही. आज इतक्या दिवसांनी परत तेच. सेट पास झाल्यापासून हिला आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागलंय. हेवा दुसरं काय करतो?

५ जुलै, नांदेड

प्रबंध विद्यापीठात जमा केला. सरांनी पाठ थोपटली. नकलेचं प्रकरण सगळ्यात पुढं घ्यायला लावलं. परीक्षक हैदराबादहून येणार आहेत, डॉ. पार्वतम्मा, बेटांवरच्या पक्ष्यांत त्यांचं आयुष्य गेलंय. सर म्हणाले, "बाई कडक हाय. पन असलं नवीन काही बघितलं की खूश होती."

एसटीत राजकन्येचा फोन आला. जमा केला का, एवढंच विचारलं. हो म्हणालो. "बरं," म्हणाली. अभिनंदन नाही, काही नाही.

२ सप्टेंबर, निलंगा

पोळा. बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झुली, आईनं पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. दुपारी बैल घरापुढच्या शेताच्या धुऱ्यावर सोडले होते आणि पांढऱ्या-काळ्या देवणी बैलाच्या पाठीवर एक कोतवाल येऊन बसला. कोतवालच. पण शेपटीचा एक फाटा गायब, दुसरा अर्धा. आखूड, ओबडधोबड, कोणी म्हटलं असतं हा दुसराच कुठला पक्षी.

मी बराच वेळ बघत उभा राहिलो. मग घरात येऊन लॅपटॉप उघडला. दुसऱ्या खेपेचे फोटो. दोन-तीन बघितले, एक मोठा करून बघितला. मग डोळे चुरचुरायला लागले म्हणून बंद केला. गुलालाची धूळ गेली असावी.

राजकन्या ओसरीवर आईच्या डोक्याला तेल लावत होती. माझ्याकडं बघितलं आणि तिनं मान खाली घातली. काय बघायचंय ते बघ म्हणावं. प्रबंध छापून, बांधून जमा झालाय. आता काय उकरून काढायचं?

१९ ऑक्टोबर

अर्जाची मुदत नेहमीप्रमाणे वाढली होती, तीही आज संपली. माझा अर्ज सरांच्या शब्दावर घेतलाय, मुलाखतीपर्यंत पदवीचा कागद द्यायचा. राजकन्येनं दिला शब्द पाळला, भरला नाही. एवढं बरीक मानलं पाहिजे.

बजरंगनं, माझ्या शाळेतल्या दोस्तानं, निलंग्याच्या बसस्टँडसमोर फ्लेक्स लावलाय. माझा कोटातला फोटो, वर 'डॉ. बालाजी रामलिंग बिराजदार', खाली पंधरा-वीस जणांची तोंडं. मी म्हटलं, अरे, प्रबंधाची तोंडी परीक्षा व्हायचीय अजून. तर म्हणतो, "मर्दा, लगीन ठरल्यावर पत्रिका छापतेत, का लेकरू झाल्यावर? व्हायचंच हाय की."

खोटं कशाला बोलू, दोनदा बसस्टँडवरून मुद्दाम गेलो.

२४ ऑक्टोबर, नांदेड

आजचा दिवस लिहून मोकळा होतो.

तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर असते. आमच्याकडं तर लग्नासारखी माणसं येतात. पहिल्या रांगेत आई, नवीन इरकल नेसून, मांडीवर शाल आणि नारळ. बजरंग फेटा घेऊन तयार. मागच्या रांगेत राजकन्या, पेढ्यांच्या खोक्यांवर हात ठेवून. जेवणाचं सांगून ठेवलेलं.

सुरुवात झकास झाली. मग नकलेचं प्रकरण आलं आणि पार्वतम्मा मॅडम चष्मा सावरून पुढं सरकल्या. "ये फोटो जरा बडा करो. और बडा. इसका माथा दिखाव."

पडद्यावर परातीएवढं कपाळ आलं. त्यावर कुरळी पिसं. लहान, पण तुरा.

"क्या है ये?"

मी दुभंगलेल्या शेपटीकडं बोट दाखवलं.

"ये तो भृंगराज है. दुम झड गई सो. नकल करने वाले सब ऐसेच हैं क्या?" त्यांनी पुढचा फोटो मागितला. मग त्याच्या पुढचा. सगळ्यांना तुरे होते. गुरुपादप्पा सर छताकडं बघत होते. माझ्या तोंडून शब्द गेले, "मॅडम, फोटो माझ्या मिसेसनी काढलेत. ओळखही त्यांनीच केली होती. मी त्यांच्यावर विसंबलो."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. राजकन्या उठून उभी राहिली. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आईच्या मांडीवरच्या नारळाकडं. मला वाटलं, आता संपलं.

ती म्हणाली, "हो मॅडम. ओळख माझी होती. चूक झाली."

आणि बसली.

मॅडम तिच्याकडं बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, ते प्रकरण काढा, सगळे पक्षी नव्यानं वेगळे करा, तुलना पुन्हा मांडा, बाकी काम नीट आहे, तेवढ्या अटीवर पदवी. टाळ्या झाल्या. हार पडला, फेटा बसला, पेढे वाटले. वाटले तिनंच.

जेवण झाल्यावर हात धुवायच्या नळापाशी मॅडम आणि ती बोलत उभ्या होत्या. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. समजावत असतील, चुका होतात म्हणून.

परतताना जीपमध्ये आई तिच्यावर घसरली. "जमत नव्हतं तर कशाला हात घातलास गं माय? चार लोकांत माझ्या लेकराची आब्रू काढलीस. वरीसभर रगत आटवलंय त्यानं." राजकन्या खिडकीबाहेर बघत होती. मी पुढं ड्रायव्हरशेजारी होतो. आईला बीपीचा त्रास आहे. अशा वेळी तिला विरोध केलेला चालत नाही.

२७ ऑक्टोबर, लातूर

तिला थँक्यू म्हणायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. म्हणालो, "त्या दिवशी तू सांभाळून घेतलंस."

ती तांदूळ निवडत होती. "आत्याच्या मांडीवर नारळ व्हता," म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे काही न्हाई. तुमच्यासाठी न्हवतं ते."

मग मी दुरुस्त्यांचं काढलं. तिनं न कुरकुरता होकार दिला. खरं तर मला थोडी कुरकुर आवडली असती.

४ नोव्हेंबर

दुरुस्त तुलना तयार. मला वाटलं होतं महिना लागेल. तिला काहीच वेळ लागला नाही, जसं काही सगळं आधीच वेगळं करून ठेवलं होतं. प्रकरण वाचलं. पूर्वीपेक्षा चांगलं झालंय, हे कबूल करायला जीव जड होतो. दोन पक्षी आता स्वच्छ वेगळे दिसतात. नक्कल भृंगराजाची, चोरीही भृंगराजाचीच, मग शेपटी असो की नसो. माझा अंदमानी कोतवाल बिचारा सरळ निघाला.

वर तिनं एक वाक्य लिहिलंय: पिसं झडण्याच्या काळात निव्वळ शेपटीवर ओळख ठरवू नये. मी ते तसंच ठेवलं. काढलं असतं तर सरांनी विचारलं असतं.

२९ नोव्हेंबर, निलंगा

जागा मिळाली. सही करून हजर झालो. बजरंगचा फ्लेक्स उन्हानं फिका पडला होता, त्यानं नवा लावला. आईनं दृष्ट काढली. राजकन्येनं शिरा केला. गोड झाला होता, पण ताटाला बसली नाही, म्हणाली भूक नाही.

मी म्हटलं, पुढच्या जाहिरातीला तू भर, मी आड येणार नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मीच उठून हात धुवायला गेलो.

११ जानेवारी

पार्वतम्मा मॅडमच्या प्रकल्पात राजकन्येची निवड झाली. अंदमान, वर्षभर, पुढंही वाढेल. मला आज कळलं. मॅडमना तिची दया आली असावी. नाहीतर जिनं सगळ्यांसमोर चूक कबूल केली तिला कोणी कशाला बोलावेल? हे वाक्य लिहिलं आणि परत वाचलं. राहू दे.

"आणि इथलं?" मी विचारलं.

"इथं काय, तुम्ही हाव, आत्या हायत."

"लोकांना काय सांगू?"

"सांगा, चुका सुधाराय गेली."

टोमणा होता की साधं बोलली, कळलं नाही. चेहरा सरळ होता.

१६ जानेवारी

सासरे शेषेराव नायगावहून तिला न्यायला आले. एरवी चहा, पान, शेतीच्या गप्पा. आज पाणीसुद्धा न पिता बॅग उचलली. आई म्हणाली, "पाव्हनं, बसा की." ते म्हणाले, "बसलो असतो, ताई. पन लेकीला उशीर व्हायलाय." एवढंच. तिला उशीर होत नव्हता. बस दुपारची होती.

ती आईच्या पाया पडली. माझ्या पडत नाही कधी, आजही नाही. दुर्बीण माझी होती, ती तिनं टेबलावर ठेवली. म्हटलं, घेऊन जा, तुला लागेल. म्हणाली, "मॅडम देणारेत."

घर मोठं वाटतंय. काय बिनसलं तेच मला समजत नाही. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, शिकायला आड आलो नाही, बेटापर्यंत घेऊन गेलो. आणखी काय करतो नवरा?

८ फेब्रुवारी, निलंगा

तिचा फोन, आईच्या तब्येतीची चौकशी. मागं जंगलातून एक हाक येत होती. गरुड होता, की भृंगराज गरुडाचं सोंग करत होता, मला ओळखता आलं नाही. तिला विचारणार होतो. लाज वाटली. कॉलेजात मी हाच विषय शिकवतो.

"परत कधी येशील?" असं विचारलं तर ती म्हणाली, "इथं आता सगळ्यांच्या शेपट्या आल्यात. लई सुंदर दिसायलेत." मग रेंज गेली. तिनं परत लावला नाही. मीही नाही.

२३ फेब्रुवारी, निलंगा

देवणीहून दगडोबामामा आले होते, आईचे भाऊ. माझी नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच. आईनं पेढे काढले. चहा पिता पिता मामांनी विचारलं, "सून कुठं दिसंना गं केवळा?"

आई म्हणाली, "समुद्रापल्याड धाडलीय. पाखरू वळखाय चुकली की माय ती, भर सभेत. त्या मॅडमनं बलवून घेतलीय, नीट शिकवाय. माझ्या लेकराचं वाटूळंच व्हनार व्हतं, द्येवानं तारलं."

मामा हसायला लागले. "शिकलेली म्हनून आनली, अन् पाखरू वळखंना! आमच्या म्हशी वळखत्यात."

ओसरीवर बसलेले शेजारीही हसले. एरवी मी असल्या बोलण्यात मोबाइल काढून बसतो. आज काय झालं कोण जाणे, समोर धुऱ्यावर बैल उभा होता, पाठीवर कोतवाल, दोन्ही फाटे लांब, पुरी शेपटी. आणि मला ते हसणं सहन झालं नाही. मी ओरडलोच, "बास करा! पाखरू तिनं बरोबर ओळखलं होतं. पहिल्या दिवसापासून. चुकलो मी. सभेत खोटंही मीच बोललो."

माझे कान तापले होते. पण छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं, आणि वाटलं, आत्ताच्या आत्ता फोन लावावा.

आईनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले. मामांकडं वळून म्हणाली, "बघ दगडोबा. आजून झाकायलाय बायकूचं. समद्यांसमोर आपल्या अंगावर घ्यायलाय. असा नवरा मिळाय नशीब लागतंय."

"खरं हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. पुन्हा सांगायला मी तोंड उघडलं, तर आईनं त्यात पेढा घातला.

तो गिळेपर्यंत बोलणं उसावर गेलं होतं. फोन मी लावला नाही. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.